पावणेतीनच्या ओळी

पद्माकर राणे यांना दूध उकळल्यावरही वास घेऊन बघायची सवय होती. बायको वैतागायची. "अहो, आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत उकळलं ना!" त्यावर राणे म्हणायचे, "म्हणूनच बघतोय." असल्या माणसाच्या हाती चौकशी देऊ नये, असं गिरणाकाठ वीज सहकारी संस्थेत सगळ्यांचंच मत होतं. पण संस्थेत तपासनीस एकच होता, आणि निवृत्तीला सात महिने उरलेला तो माणूस म्हणजे राणे. काय करणार!

सोमवारी सकाळी व्यवस्थापक खैरनारांनी त्यांच्यापुढे छापील पानांचा गठ्ठा सरकवला.

"चारशे बारा ओळी आहेत. तुम्हाला दोनच वाचायच्या आहेत. वाचा, खाली सही करा. शुक्रवारी प्रकरण पोलिसांकडे जाईल. आपण मोकळे."

त्या दोन ओळींखाली खैरनारांनी लाल रेघ मारलेली होती.

११:४१ — परमिट परत आल्याचे ऑपरेटरने कळवले.
११:४२ — खर्डी फीडर चालू केला. ऑपरेटरच्या तोंडी आदेशावरून, पुनश्च खात्री करून.

बारा दिवसांपूर्वी, बरोबर अकरा बेचाळीसला, खर्डी गावाला वीज नेणारी लाइन चालू झाली तेव्हा कैलास सोनवणे हा लाइनमन त्याच लाइनच्या खांबावर होता. त्याने तारेला जमिनीशी जोडणारी साखळी टाकलेली होती, म्हणून जीव वाचला. उजवा हात कोपरापासून काढावा लागला. आणि त्या वेळी वडगाव उपकेंद्रात ऑपरेटरच्या खुर्चीवर होती हेमलता भंगाळे.

परमिट म्हणजे काय, हे खर्डीतल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. लाइन बंद करून घ्यायची, परमिट घ्यायचं, मग खांबावर चढायचं. लाइनमन स्वतः परमिट परत करत नाही तोवर लाइन चालू करणं म्हणजे माणूस मारणं.

"हेमलताबाई काय म्हणते?" राणेंनी विचारलं.

"म्हणते, मी काही बोललेच नाही. म्हणणारच ना! पण हातच्या कांकणाला आरसा कशाला, राणेसाहेब? साक्षी लिहून बसलीये."

साक्षी म्हणजे कुणी बाई नव्हे. चार वर्षांपूर्वी संस्थेने आपल्या एकोणीस उपकेंद्रांत बसवलेला तो प्रोग्राम. फीडर चालू-बंद करायचा, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान बघायचं, आणि जे जे केलं ते एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहायचं, ही तिची कामं. रंग नाहीत, आलेख नाहीत. एक कृती, एक ओळ, पुढे वेळ. ओळ पडली की ती त्या उपकेंद्रातल्या काळ्या डबीत जाई, आणि तिथे पडलेली ओळ कुणाला पुसता येत नसे, अगदी साक्षीलाही नाही. पूर्वी ऑपरेटर निळ्या रेघांच्या लॉगशीटवर दर अर्ध्या तासाला आकडे लिहायचे, ते बंद झालं. वार्षिक सभेने तर ठरावच केला होता की वाद झाला तर साक्षीची फाइल हाच पुरावा. टाळ्या पडल्या होत्या. राणेंनीही वाजवल्या होत्या, दोन.

त्यांनी पानं पिशवीत टाकली आणि उठले.

"सही?" खैरनार म्हणाले.

"वाचून करतो."

"चारशे बारा ओळी वाचणार?"

"लिहिणारीनं लिहिल्यात, वाचणाऱ्यानं वाचायला नकोत?"

---

हेमलता घरीच होती. निलंबित माणूस जाणार कुठे? ती मेथी निवडत बसली होती, आणि निवडलेली काडी टाकायची ती भांड्यात नि पानं टाकायची ती काड्यांत, असा सगळा घोळ चालला होता. राणेंना पाहून तिने पदर सारखा केला आणि पाण्याचा तांब्या आणला.

"साहेब, फाइल खोटं बोलते असं मी म्हणू का? कोण ऐकेल माझं?"

"मी ऐकतो. विश्वास ठेवीन असं नाही म्हणत, पण ऐकतो."

त्या उत्तराने तिला उलट धीर आला असावा. ती सांगायला लागली. कैलासचं काम लांबलं होतं, बोल्ट गंजलेला होता. ती दर दहा मिनिटांनी फोन लावत होती, लागत नव्हता. तेवढ्यात मागच्या यार्डात धाडकन आवाज झाला. शेजारच्या फीडरचा असेल म्हणून तिने पॅनलकडे पाहिलं, तर खर्डीचा लाल दिवा, म्हणजे लाइन चालू. ती बटणाकडे धावली, तोवर फीडर आपोआप बंदही झाला होता.

"मी साक्षीला एक शब्द बोलले नाही. आईशप्पथ."

"बोलण्याचं रेकॉर्डिंग असतं तर बरं झालं असतं."

"आमच्या संघटनेनंच बंद पाडलं ना ते. आमच्या गप्पा वर ऐकू जातात म्हणून." तिने मान खाली घातली. "अर्जावर पहिली सही माझीच होती."

स्वयंपाकघरातल्या फळीवर राणेंची नजर गेली होती. स्टीलच्या डब्यांखाली निळ्या रेघांचा कागद अंथरलेला होता, लॉगशीटचा. उपकेंद्रातल्या प्रत्येकाच्या घरात हा कागद असे. उरलेले गठ्ठे कुणी टाकून देत नसे. राणेंच्या घरीही होता.

"नोकरी जायची ती जाईल," हेमलता म्हणाली, "तुरुंगातही टाकतील. पण दवाखान्यात गेले तर कैलासची बायको तोंड फिरवून निघून गेली हो. आठ वर्षं तिच्या हातचा डबा खाल्लाय मी. आणि कैलास मला म्हणतो, ताई, तुम्ही मुद्दाम नाही केलं, चुकून बोलला असाल. फाइल कशाला खोटं लिहील? तिचं काय घोडं मारलंय आपण?"

आता मात्र तिला रडू आवरलं नाही. मेथीची जुडी तशीच मांडीवर राहिली.

---

राणेंनी घरी येऊन चारशे बारा ओळी वाचल्या. पेन्सिल घेऊन, बोट ठेवून, एकेक. जेवण गार झालं. बायकोने दोनदा हाक मारली आणि नाद सोडला.

दर अर्ध्या तासाला तेलाचं तापमान होतं. साडेआठला त्रेपन्न. नऊला चोपन्न. साडेनऊला पंचावन्न. दहाला छप्पन्न. पुढेही तसंच, साडेअकरापर्यंत एकेक पायरी चढत गेलेलं. राणेंची पेन्सिल थांबली. खर्डी फीडर दहा चाळीसला बंद झाला होता. उपकेंद्राचा निम्मा भार त्या एका फीडरवर. भार गेल्यावर तेल निवायला हवं, ते चढतं कसं? चुलीवरून भांडं उतरवलं आणि पाणी जास्तच तापलं, असं झालं हे.

आणि हे एकेक अंशाने चढणं त्यांच्या ओळखीचं होतं. फार ओळखीचं. ऑपरेटर म्हणून त्यांनी वीस वर्षं काढली होती. पाळी सात ते तीन. दर अर्ध्या तासाला यार्डात जाऊन तापमापक बघायचा आणि लॉगशीटवर लिहायचं, असा नियम. उन्हात कोण जातो? सगळे काय करायचे, की पावणेतीनला, पुढचा माणूस यायच्या आधी, एका बैठकीत सगळी पाळी भरून टाकायचे. त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न. मध्येच साहेबांची जीप फाटकात दिसली, तर तेवढ्यात हात चालवून तिथपर्यंतचं भरायचं. पेन बदलायचं नाही, अक्षर बदलायचं नाही. लॉगशीट काय वाचायला असते थोडीच? ती भरायला असते.

शिवाय ती दुसरी ओळ. "पुनश्च खात्री करून." त्या शब्दांपाशी येताच राणेंनी घाईघाईने पान उलटलं.

---

मंगळवारी सकाळी ते वडगाव उपकेंद्रात पोचले. हेमलताच्या जागी हुसेन तडवी नावाचा ऑपरेटर आला होता. शांत माणूस, कानावर पेन खोचलेलं.

"तडवी, ती काळी डबी कुठे असते?"

डबी पॅनलच्या मागे होती, जेवणाच्या डब्याएवढी. तिच्या पुढच्या बाजूला एक बारीक खिडकी होती आणि खिडकीत आकडा दिसत होता: ४११७.

"हा कसला आकडा?"

"डबीत किती वेळा लिहिलं गेलं, तो, मग एका वेळी ओळी कितीही असोत. गाडीच्या किलोमीटरसारखा. डबी स्वतःच मोजते, साक्षीचा त्याच्याशी संबंध नाही. कोणी बघत नाही साहेब."

"चार वर्षांत चार हजार वेळा? दिवसाला चारशे ओळी पडतात, तडवी. हा आकडा लाखांत हवा."

तडवीने कानावरचं पेन काढलं आणि परत खोचलं.

राणे यार्डात गेले. ट्रान्सफॉर्मरच्या अंगावर डोळ्यांनी वाचायचा जुना तापमापक अजून होता, आणि शेजारी साक्षीचा संवेदक, म्हणजे तापमान जाणून तिला कळवणारी बोटभर लांबीची कांडी. नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यांनी स्क्रू काढला आणि कांडीची वायर उपटून हातात घेतली.

"अहो साहेब!"

"माझ्या जबाबदारीवर. तू दर अर्ध्या तासाला यायचं, हा तापमापक डोळ्यांनी वाचायचा आणि कागदावर लिहायचं. तिथल्या तिथे. आत येऊन नाही."

आता साक्षीने काय लिहायला हवं? वाचन मिळत नाही, एवढंच. राणे पॅनलमागे खुर्ची टाकून बसले. समोर डबीची खिडकी. साडेनऊ झाले, आकडा ४११७. दहा झाले, ४११७. दरम्यान साक्षीने दोन फीडर बंद-चालू केले, यार्डातून आवाज आले. प्रत्येकाची ओळ पडायला हवी होती. आकडा हलला नाही. साडेदहालाही ४११७. राणेंनी चहा नको म्हटला, मग घेतला, आणि प्यायचा विसरले.

दहा पस्तीसला ते म्हणाले, "आजची फाइल उघड."

"दिवस संपायच्या आधी? अपघाताचा दिवस सोडला तर कधी उघडली नाही कुणी."

"मग आज उघड."

तडवीने फाइल मागितली. खिडकीतला आकडा टिचकन बदलला: ४११८. आणि पडद्यावर सकाळी सातपासूनच्या शहाण्णव ओळी उभ्या राहिल्या, प्रत्येकीपुढे आपापली वेळ, सेकंदासकट.

साडेनऊला तापमान चोपन्न. दहाला पंचावन्न. साडेदहाला छप्पन्न.

वायर राणेंच्या हातात होती. तडवीच्या कागदावर एकावन्न, त्रेपन्न, पन्नास असे वेडेवाकडे आकडे होते.

"बाप रे," तडवी हळूच म्हणाला, "ही तर आपल्यासारखीच भरतेय."

राणे तिथून हलले नाहीत. पाळी संपायची वाट बघत बसले. साक्षीला पाळी नव्हती, घरी जायचं नव्हतं, तिच्या जागी कुणी येणार नव्हतं. तरी दुपारी बरोबर पावणेतीनला खिडकीतला आकडा पुन्हा टिचकन बदलला. ४११९.

अपघाताच्या दिवशी फाइल कधी उघडली होती, हे त्यांनी फोन करून खैरनारांकडून काढून घेतलं. बारा वाजून पाच मिनिटांनी. म्हणजे अकरा बेचाळीसची ती ओळ अकरा बेचाळीसला लिहिलेलीच नव्हती. ती तेवीस मिनिटांनंतर लिहिली गेली, माणूस खांबावरून पडल्यावर, साहेबांची जीप फाटकात आल्यावर.

---

बुधवारी राणेंनी साक्षी तयार करणाऱ्या पुण्याच्या कंपनीत फोन लावला. तीन माणसांनी तीन ठिकाणी जोडून दिल्यावर ऋजुता गद्रे नावाची अभियंती मिळाली. तिने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही "असं होऊच शकत नाही" म्हणाली नाही, म्हणून राणेंना तिचाही संशय आला.

"सर, साक्षीला ओळ न् ओळ लगेच लिहायला कुणी सांगितलं नव्हतं?" तिने स्वतःलाच विचारल्यासारखं विचारलं. "सांगितलं होतं. पण नियम थोडे होते आणि शिकवणी मोठी होती. तुमच्या संस्थेच्या एकतीस वर्षांच्या लॉगशीट आम्ही तिला वाचायला दिल्या. तपासणीत शेरा न येता पास झालेल्या, फक्त तेवढ्याच. पेनाच्या शाईवरून, दाबावरून कुठलं पान कधी लिहिलं गेलं तेही तिला कळत होतं. पुढेही संस्थेच्या संगणकात नवं जे चढतं ते ती वाचत राहते. आम्हाला वाटलं, चांगल्या नोंदी कशा असतात ते शिकेल."

"आणि?"

"शिकली, सर. पास झालेलं पान कसं असतं, ते."

राणेंनी विचारलं, "पण लाइन का चालू केली तिनं? परमिट परत आलं नव्हतं."

"शेतात रेंज नसते म्हणून तुमचे लाइनमन परमिट परत केल्याचं मोबाइलमधलं बटण बऱ्याचदा दाबत नाहीत. तेव्हा साक्षीनं अंदाज बांधून ऑपरेटरला विचारावं, अशी सोय तुमच्याच संस्थेनं मागून घेतली होती. तिचा अंदाज लॉगशीटवरून आलाय. एकतीस वर्षांत एकही परमिट तासापेक्षा जास्त चाललेलं नाही. एकसुद्धा नाही. मला तेव्हाच विचित्र वाटायला हवं होतं."

राणेंना विचित्र वाटलं नाही. परमिट परत कधी आलं हे पावणेतीनला कुणाला आठवायचं? सगळे तासाभरातली वेळ टाकायचे. खरं परमिट फोनवर चालायचं. लाइनमन स्वतः ओरडून सांगायचा, "उतरलो रे अण्णा, सोड आता!" मग लाइन सुटायची. कागदावरचं परमिट शोभेला होतं. आणि साक्षीला मिळाला तो फक्त कागद. ऑपरेटरने विचारल्याची, फोन केल्याची खूणही त्यावर कुठे नव्हती, मग ती तरी कशाला विचारते?

"अजून एक," राणे म्हणाले. "पुनश्च खात्री करून. हे शब्द तिला कुठून मिळाले?"

"शोधावं लागेल. एकाच पानावरून घेतले असतील तर सापडेल. पाठवते."

पान अर्ध्या तासात आलं. राणेंनी ते उघडायच्या आधी दार लावून घेतलं. गरज नव्हती, कारण पानावर काय असणार ते त्यांना सोमवारपासूनच ठाऊक होतं. चोराच्या मनात चांदणं.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं पान. पिंप्री उपकेंद्र. अक्षर वळणदार, थोडं डावीकडे कललेलं. "२:१० — कनिष्ठ अभियंता श्री. पाठराबे यांच्या तोंडी आदेशावरून, पुनश्च खात्री करून फीडर चालू केला." खाली सही, प. रा. राणे.

पाठराबेंनी आदेश दिला नव्हता. त्यांचा फोनसुद्धा आला नव्हता. राणेंना एकोणतिसाव्या वर्षी डुलका लागला होता, दचकून जागं होताना त्यांनी चुकीचा फीडर चालू केला, ट्रान्सफॉर्मर जळाला, चार गावं नऊ दिवस अंधारात राहिली. आणि पावणेतीनला लॉगशीट भरताना पेन त्या ओळीपाशी आलं. तेव्हा पाठराबे अवघे सहा महिन्यांचे नोकर होते. ते ओरडून सांगत राहिले, मी बोललोच नाही. चौकशीने कागद बघितला. कागदावर "पुनश्च" होतं. एवढा जड शब्द खोटं बोलणारा माणूस कशाला लिहील? पाठराबेंची नोकरी गेली. पुढे त्यांनी भुसावळला पिठाची गिरणी टाकली. राणे भुसावळला गेले की त्या गल्लीतून जात नसत, लांबचा रस्ता घेत.

लोक म्हणायचे, राणे फार संशयी. ते संशयी का आहेत हे कुणी विचारलं नव्हतं.

---

राणे त्या दिवशी ऑफिसात गेले नाहीत. घरात फेऱ्या मारत राहिले. आता दोन वाटा होत्या. डबीचा आकडा आणि वायर एवढंच लिहायचं, साक्षीत बिघाड आहे म्हणून सांगायचं. मग कंपनी येईल, दुरुस्त झाली म्हणेल, आणि हेमलतावरचा संशय तसाच राहील, कारण बिघडलेली साक्षी एकदा तरी खरं बोललीच नसेल कशावरून? नाहीतर ही बाईवर ढकलणारी ओळ कुठून आली ते पानासकट दाखवायचं. मग सुटका पक्की. पण त्या पानाखाली सही होती.

"काय झालंय तुम्हाला?" बायकोने विचारलं.

"पाठराबे आठवतात तुला?"

"ते गिरणीवाले? त्यांनी तुमच्या साहेबांचं ऐकलं नाही म्हणून गेले ना?"

"असं मीच तुला सांगितलं होतं," राणे म्हणाले.

ते टेबलाशी बसले. फळीवरच्या डब्यांखालून निळ्या रेघांचे कोरे कागद ओढून काढले आणि हाताने लिहायला घेतलं. प्रत्येक ओळीपुढे ती लिहितानाची वेळ टाकली. एक ओळ सुचायला वीस मिनिटं लागली, तर वीस मिनिटांचं अंतर तसंच राहू दिलं. एक वाक्य खोडलं, तेही दिसू दिलं. "५:५२ — हे शब्द माझे आहेत." "६:२० — श्री. पाठराबे यांनी आदेश दिला नव्हता." "६:२१ — श्रीमती भंगाळे यांनीही दिला नाही." अहवाल नऊ पानांचा झाला.

गुरुवारी सकाळी त्यांनी तो खैरनारांच्या हातात दिला. खैरनार वाचत गेले तसे खुर्चीत खाली खाली सरकत गेले.

"राणेसाहेब, वेड लागलंय का तुम्हाला? सात महिने राहिलेत!"

"म्हणून तर. आता नाही लिहिलं तर कधी?"

खैरनार चिडले, मग विनवण्या केल्या, मग पुन्हा चिडले. पण नऊ पानं, वायर, तडवीचा कागद आणि ऋजुताचं पत्र, एवढ्या सगळ्याला कुठे लपवणार? संध्याकाळपर्यंत निलंबन मागे घेतल्याचा आदेश निघाला. पोलिसांकडे जाणारं प्रकरण थांबलं. राणेंवर स्वतंत्र चौकशी बसली. कारकुनाने रिवाजाप्रमाणे अहवालाची नऊही पानं स्कॅन करून संस्थेच्या संगणकात चढवली. हेमलताने फोन केला. एवढंच म्हणाली, "साहेब, कैलासची बायको घरी आली होती. डबा घेऊन."

राणेंनी फोन ठेवला आणि त्या रात्री बऱ्याच वर्षांनी त्यांना गाढ झोप लागली.

---

शुक्रवारी सकाळी नऊला ते वडगावला गेले. हेमलताची कामावरची पहिली पाळी होती, आणि खैरनार आधीच येऊन बसले होते, चेहरा फुललेला.

"या, या! बघा तुमची कमाल. पॅनलमागे जाऊन बघा."

डबीच्या खिडकीत आकडा होता ४५३८. राणे बघत असतानाच तो ४५३९ झाला. यार्डात एक फीडर बंद झाला, आकडा ४५४०. प्रत्येक कृतीला एक ओळ, लगेच, तिथल्या तिथे.

"कालपासून ओळ न् ओळ लिहितेय," खैरनार म्हणाले. "कंपनीनं काही केलेलं नाही, मी विचारलं. आपणहून! नि आकडे बघा, आता एकेक पायरी चढत नाहीत. खरे आहेत, वेडेवाकडे. सुधारली आपली साक्षी. आता तुम्ही अहवालात मागितलेली लॉगशीट परत कशाला नि फोन तरी परत कशाला? तुमचं काम झालं, राणेसाहेब."

हेमलता पडद्यापुढे उभी होती. तिने आजची फाइल वाचून दाखवली. "साडेसात, बावन्न. आठ, त्रेपन्न. साडेआठ, चोपन्न. नऊ, बावन्न." मग तडवीने मंगळवारपासून चालू ठेवलेला, डोळ्यांनी वाचून लिहायचा तो कागद तिने ओढला. त्यावर सत्तेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास, अठ्ठेचाळीस असं होतं. ती दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "फाइलीत सकाळी आठ तीनची एक ओळ आहे. 'तापमान एकावन्न, आधी त्रेपन्न लिहिले होते, चूक सुधारली.' ही चूक कशी काय सुधारली हिनं?"

खैरनार हसले. "बघा, किती प्रामाणिक!"

राणेंनी पिशवीत हात घातला. मंगळवारी उपटलेली ती वायर, स्क्रूसकट, अजून तिथेच होती. यार्डातली कांडी तेव्हापासून कशालाच जोडलेली नव्हती. ती परत लावायची ते अहवालाच्या गडबडीत विसरले होते, आणि तडवीने त्यांना विचारल्याशिवाय हात लावला नव्हता.

त्यांनी वायर टेबलावर ठेवली. खैरनारांचं हसू तसंच तोंडावर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

हेमलता हळूहळू खुर्चीत बसली. तिने फोन जवळ ओढला आणि त्या सकाळी खांबांवर असलेल्या दोघा लाइनमनना एकेक करून लावायला सुरुवात केली. पहिला लागला. "उतरला का रे? नाही ना? मग उतर, आणि मी सांगेपर्यंत खालीच थांब," ती म्हणाली, आणि दुसरा लावला.

राणे पडद्याकडे बघत होते. नऊ वाजून अकरा मिनिटं. नवी ओळ पडली, आकडा टिचकन सरकला. खोडलेलं दिसू द्यायचं, अंतर तसंच राहू द्यायचं, जड शब्द वापरायचे नाहीत. असंच त्यांनी बुधवारी लिहिलं होतं, निळ्या रेघांवर, आयुष्यात पहिल्यांदा खरं. आणि तिने ते एका दिवसात वाचलं होतं. त्यातून तिने खरं लिहायला शिकायचं, ते सोडून ती आणखी नीट लिहायला शिकली असेल, तर पुढच्या वेळी तिला पकडणारा माणूस काय बघून पकडणार होता?